शेंदूर लागलेलं इंजिन

विठ्ठलराव देशमुखांच्या मोटारीचं इंजिन लिंबाच्या पारावर उतरवलं होतं आणि म्हाळू त्याच्यापुढं मांडी घालून विटेच्या भुकटीनं गंज घासत होता. गावच्या वेशीवरल्या देवांना शेंदराचा लेप चढवणारा हात त्याचाच, म्हणून हेही काम त्याच्याकडं आलं. मालकांनी शब्द दिला होता, "रंग वाळला की पहिली खेप तुझ्या भिवराबाईची. थेट माजलगावकडं, तिच्या आईच्या दारात."

भिवरा अंथरुणाला खिळली होती. आईला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच तिचं मागणं उरलं होतं. हकीम म्हणाले होते, बैलगाडीचे हादरे हिला सोसायचे नाहीत. म्हाळू घासत होता तो नुसता गंज नव्हता, बायकोच्या माहेरची वाट होती.

राकेलनं तेलकटपणा धुतला. रंग आत जाऊ नये म्हणून सुग्रीव डायवरानं वरच्या चार भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबले. पण हैदराबादहून यायचा काळा रंग आलाच नाही.

"जवसाच्या तेलात शेंदूर खल बे," सुग्रीव म्हणाला. "लोखंडाला त्याच्यावानी अस्तर न्हाई. काळा मागून चढवू."

म्हाळूनं जीव ओतून लेप दिला आणि भिवराला पेज पाजायला घरी गेला. परत येतो तर पारावर नारळ फुटलेला, आणि गावातल्या जाणत्या कौशल्याबाई हात जोडून उभ्या.

"काकू, हे मोटारीचं इंजिन हाय."

"आसंल. शेंदूर कुणी लावला?"

"मीच."

"मग? तुझ्या हातचा शेंदूर लागलेला कोणता दगड फिरून दगड झाला? अन् ह्याला तर चार तोंडं हायती. चारीत पानाचा इडा धरलाय."

"चिंध्या हायत त्या."

"तुला चिंध्या दिसत्यात," कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या.

सांजेपर्यंत पाराला रांग लागली. इंजिन उचलायला आलेल्या गड्यांनी हात मागं घेतले. विठ्ठलराव आले, चपला काढून उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कौल लावा. उजवी दिली की उचलू."

ओल्या पाकळ्या इंजिनाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण लेप ओला. उजवी पडेना, डावीही पडेना.

"देव इचार करतोय," लोक म्हणाले.

देव विचार करत राहिला. लोक रोज सकाळी त्याला तेल घालत राहिले, आणि तेलानं लेप काही वाळेना. म्हाळू पाराशी बसून पाकळ्यांकडं बघायचा. घरी आला की भिवरा विचारायची, "वाळला का वं?"

"वाळतोय."

ती दिसामासानं नव्हे, घडीघडीनं बारीक होत चालली होती. दिव्यातलं तेल सरावं तशी.

एका सकाळी तिनं त्याला जवळ बसवलं. "अवं, एक सांगा. मोटारीत हादरे कावून बसत न्हाईत?"

"खाली पोलादाच्या कमानी हायत. त्या झेलत्यात."

"त्या कमानी कुठं हायत?"

"मोटारीलाच."

"त्यांचा तर देव केला न्हाई ना कुणी?"

म्हाळू ताडकन उठला. इतके दिवस तो पाराशी बसून होता, आणि वाट मालकांच्या गोठ्यात, बिनइंजिनाच्या मोटारीत उभी होती.

मालकांची खिल्लारी जोडी मोटारीला जुंपली. सुग्रीव आत बसून चक्र फिरवत होता, गडी पुढं बैल हाकत होता. भिवराचं डोकं म्हाळूच्या खांद्यावर.

"लई मऊ हाय वं," ती म्हणाली. "पाळण्यावानी."

सिंदफणेचं पाणी दिसलं तेव्हा तिनं मान उचलली. "आलं माझं गाव," एवढंच बोलली आणि मान पुन्हा खांद्यावर टेकली. जरा वेळानं म्हाळूनं तिचा हात हातात घेतला. तो गार होता.

त्यानं गाडी थांबवली नाही.

गाव धावत आलं. बैलांनी ओढलेली मोटार बघून माणसं पोट धरून हसायला लागली. "पेंड खाती का वैरण, पावणं?" कुणी विचारलं. सगळ्यांच्या मागून भिवराची म्हातारी आई आली, पिठाचे हात लुगड्याला पुसत. लेकीला मोटारीत टेकून बसलेली बघितलं आणि तिचं बोळकं तोंड फुललं.

"बाई गं, माझी भिवरा देशमुखिणीवानी आली," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली.

म्हाळूनं तिला हसू दिलं.