त्र्याहत्तरावं घर

हरल्यावर चिडणारी माणसं मी ढिगानं पाहिलीत. आमचे योहान सर जिंकल्यावर चिडतात. तेही साधंसुधं नाही. फासा भिंतीवर फेकतात, चष्मा काढून टेबलावर आपटतात आणि समोरच्यावर ओरडतात, "हा निकाल मला अमान्य आहे! जिंकण्याची अट तपासावी लागेल." समोरचा म्हणजे मी. दोन वर्षं दर रविवारी दुपारी हरायचंही मी आणि वर बोलणीही मीच खायची.

सर केडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. इतिहास शिकवून निवृत्त झाले, एकटेच असतात. माझी पिठाची गिरणी. ती रविवारी बंद ठेवतो, ही माझी पहिली चूक. प्लायवूडच्या फळीवर सरांनी स्वतः आखलेला समुद्र आहे. चौकोनी घरं, मधे खडक, एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला किल्ला. सरांकडे मराठ्यांची गलबतं, माझ्याकडे इंग्रजांची जहाजं. दर खेळीला प्रत्येक जहाजाचा एक फासा, पडेल तेवढी घरं पुढं. बारा खेळ्यांत माझं एक जरी जहाज किल्ल्याला लागलं तर मी जिंकलो, नाहीतर सर. आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला पाणी नाही आणि हा माणूस घरात आरमार बाळगतो.

माझं जहाज अजून वाटेतच असायचं आणि खेळ्या संपायच्या. की सर भडकले. पुढच्या रविवारी नवा नियम. कधी माझ्या तोफा वाढवल्या, कधी त्यांची गलबतं कमी केली, एकदा तर मला चार जहाजं जास्तीची दिली. तरी मी हरायचो. "राऊत, तुम्ही मन लावून खेळत नाही," असं मला म्हणाले. मी मनात काय म्हणालो ते इथं लिहिता येत नाही.

एकदा म्हटलं, खेळ्याच वाढवा की. तर अंगावर आले. म्हणे जहाजावरचं धान्य बाराच दिवस पुरायचं, त्याला इतिहासाचा आधार आहे. कुठला आधार, असं विचारलं तर चहा टाकायला आत निघून गेले.

मागच्या उन्हाळ्यात माझं डोकं फिरलं. त्या दिवशी फासा माझ्यावर खूश होता, सहावर सहा पडत होते, सरांची गलबतं वाटेत नव्हतीच. तरी जहाज मागंच राहिलं. मी फळी ओढली आणि बोट ठेवून घरं मोजली. मुंबई ते किल्ला त्र्याहत्तर. पुन्हा मोजली. त्र्याहत्तरच.

"सर, बारा वेळा सहा पडला तरी बहात्तर होतात," मी ओरडलो. "हे जहाज पोचूच शकत नाही. दोन वर्षं मला उल्लू बनवताय?"

सर चिडले नाहीत. त्यांनी स्वतः घरं मोजली, ओठ हलवत, दोनदा. मग आतून एक जुनी वही आणली. पानापानावर एकच लिहिलेलं: यो. जिंकला, श. हरला. श. म्हणजे शमुवेल, त्यांचा धाकटा भाऊ. पुणतांब्याला, त्यांच्या जुन्या घरी राहतो.

लहानपणी दोघं तिथंच हा खेळ खेळायचे, रविवारी सकाळी पोरांची शब्बाथशाळा सुटल्यापासून चर्चमधे उपासनेची घंटा होईपर्यंत. तेवढ्यात बाराच खेळ्या व्हायच्या, म्हणून बारा. धान्याचा आधार सरांनी मास्तर झाल्यावर चिकटवला. थोरल्यानं मराठे घ्यायचे, धाकट्यानं इंग्रज. मोठे झाले तरी दर नाताळला फळी निघायची. अकरा वर्षांपूर्वीच्या नाताळात, इथं सरांच्या घरी, शमुवेल म्हणाला, दादा, तुझ्या अटीच खोट्या हायेत. सर म्हणाले, तुला हरायचीच सवय हाय. दोनदा मॅट्रिक नापास झालेल्या भावाला, त्याच्या बायकापोरांसमोर. शमुवेलनं फळी उधळली, गलबतं फराळाच्या करंज्यांत पडली. तो उठून गेला तो परत आलाच नाही.

"चूक माझीच असणार, एवढं कळत होतं," सर म्हणाले. "पण सापडत नव्हती. ती हातात घेतल्याशिवाय त्याच्यापुढं जाऊ कसा?"

मला असा संताप आला म्हणता! अहो, माफी मागायला घरं मोजावी लागतात का? एक फोन करायचा होता. अकरा वर्षं! हे सगळं मी त्यांना तोंडावर सुनावलंही. पण सर तोवर अठरा खेळ्यांचा डाव मांडून बसले होते. पुढं दोन महिने आम्ही तसं खेळलो. कधी मी जिंकलो, कधी ते. हिशेब निम्मा-निम्मा झाल्यावर त्यांनी फळी जुन्या चादरीत बांधली.

पुणतांब्याला मीच नेलं, माझ्या टेम्पोतून, रविवारी सकाळी. शमुवेलनं दार उघडलं, आधी चादरीकडं पाहिलं, मग भावाकडं. सरांनी ओट्यावर फळी मांडली आणि एवढंच सांगितलं, की पहिल्यापासून चूक माझी होती, घरं त्र्याहत्तर आहेत, तू जिंकूच शकत नव्हतास. शमुवेलनं बोट ठेवून स्वतः घरं मोजली. मग इंग्रजांच्या बाजूला जाऊन बसला.

दोघं खेळायला लागले. दहा-बारा खेळ्या झाल्या असतील, तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली. शमुवेलचा हात आपसूक फळीवरची जहाजं गोळा करायला लागला. साठीला आलेला माणूस.

सरांनी त्याचं मनगट धरलं.

"वाजू दे, शमू," ते म्हणाले. "तुझ्या अजून खेळ्या हायेत."