झाकणाखालचं यश

वनस्पतींचा अर्क माझ्याइतका सुरेख आमच्या प्रयोगशाळेत कुणालाच काढता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो! ज्याचा अर्क बुरशीवर सरस ठरेल त्या एकालाच परिषदेला पाठवायचं आमच्या प्रमुख मॅडमनी ठरवलं, त्याच दिवशी मी बायकोला माळ्यावरची बॅग काढायला लावली.

अडचण एकच, शेजारच्या टेबलावरची हसरी नावाची मुलगी. कामाला लागून जेमतेम वर्ष झालेलं, पण तिच्या लवंगेच्या अर्काने बुरशीचा चिकट थर पुसल्यासारखा जायचा. माझ्या तुळशीच्या अर्कावर मात्र बुरशी बाळसं धरायची! मी जळत होतो, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या चाचणीला दोघांच्या बुरशी वाढवायच्या, झाकणाच्या काचेच्या प्लेटा एकाच उबदार कपाटात होत्या. मला कुठला धीर! दर तासाला जायचो, तिचं झाकण उचलायचो, माझं उचलायचो, उसासा टाकून दोन्ही ठेवायचो.

तिसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या नावाची प्लेट लख्ख आणि हसरीच्या नावाखाली बुरशीचं रान! मी मॅडमना ओढतच आणलं. बायकोला फोन केला, तिने लगेच सासूबाईंना कळवलं. मग मोठ्या मनाने मी हसरीला समजावलं, की अपयश ही यशाची पहिली पायरी असते, मीसुद्धा त्यातूनच गेलोय वगैरे.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, तुमची प्लेट जरा उंच धरून खालून बघता?"

बघितलं. बुडाला तिचं नाव.

"झाकणं बदलू शकतात ना, म्हणून मी खालीही लिहिते."

दुसऱ्या प्लेटचं बूड कोरं होतं. 'नाव बुडाला लिहावे' ही सूचना कपाटाच्या दारावर आहे. ती मीच टाइप करून चिकटवलीय.

"पण झाकणं बदलली कशी?" मॅडमनी विचारलं. मला सांगावंच लागलं.

"दर तासाला?" मॅडम म्हणाल्या.

परिषदेला अर्थातच हसरी निघाली. आदल्या दिवशी संकोचत माझ्या टेबलाशी आली. तिच्या बॅगेचं चाक तुटलं होतं, आणि माझी बॅग भरायला काढलेली आहे हे एव्हाना सगळ्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं.

दिली. नाही कसं म्हणणार? फक्त देण्याआधी बॅग उलटी केली आणि बुडाला ठळक अक्षरात माझं नाव लिहिलं.