अभिमननानांचं विलायती झुंबर

जळगावात, तेही ऐन उकाड्यात, अभिमननानांनी हॉलमधला पंखा काढून ठेवला तेव्हा तानुबाईंनी आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्यांनी दारातलं गाठोडं सोडून पाहिलं आणि स्वतःच्याच कपाळाला हात लावला.

आत एक काळंकुट्ट झुंबर होतं. वर टोपलीएवढी पसरट छत्री, खाली गोल पोट आणि पोटाला चहूकडून फुटलेले वाट्यांसारखे दिवे. नाना धुळ्याला छगन भंगारवाल्याकडे बंबाची तोटी आणायला गेले होते. तोटी राहिली आणि हे आलं.

"इंग्रजाच्या बंगल्यातलं आहे," नाना म्हणाले.

"छगननं सांगितलं?"

"नाही. मी विचारलं तर तो नुसता हसला. त्यावरूनच ओळखलं मी."

"आणि पंखा?"

"हुक एकच आहे."

आता यात नानांचा सगळाच दोष नव्हता. त्यांच्या आयुष्याला एक जुनं दुखणं होतं, ते म्हणजे धुळ्याचे थोरले बंधू लीलाधरभाऊ. नानांनी केशर म्हणून लावलेल्या कलमाला गोटीएवढे आंबे लागले, विलायती म्हणून घेतलेलं घड्याळ दर शुक्रवारी सुट्टी घ्यायला लागलं, आणि प्रत्येक वेळी धुळ्याहून फोन आला, "तुले कोन्हीबी फसाडस." यंदा श्रावणातली कानबाई, खानदेशातली कुळाची देवी, नानांच्या घरी बसायची होती. भाऊबंद तिच्या प्रसादाचा रोट खायला जमणार, भाऊ येणार. निदान एकदा तरी भाऊंच्या डोळ्यांदेखत घरात अस्सल वस्तू असावी, एवढंच नानांचं मागणं होतं.

म्हणून चौकशी सुरू झाली. मोबाइलला फोटो दाखवला तर मोबाइलनं हा आठ पायांचा समुद्री प्राणी असल्याचं कळवलं. शेजारच्या निवृत्त इतिहास शिक्षकांनी झुंबराला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "हे लखनौच्या नवाबाचं तरी आहे, नाहीतर पाचोऱ्याच्या जुन्या टॉकीजमधलं तरी. मधलं काही असूच शकत नाही."

दिव्यांचं दुकान असलेल्या मदनलालशेठनी मात्र मुद्द्याचं सांगितलं. "नाना, एक ध्यानात ठेवा. घासायचं नाही. काळं आहे तोवर जुनं आहे, घासलं की कालचं." एवढं बोलून त्यांनी नव्या वायरी, नवे होल्डर आणि नवे बल्ब नानांच्या पिशवीत भरले.

नानांनी तो शब्द झेलला. झुंबराला ओरखडा नको म्हणून ते दाढीच्या ब्रशानं धूळ झटकायचे आणि सकाळी त्याच ब्रशानं दाढी करायचे. गालांवर काजळी यायची. "बघ, किती जुनं आहे," असं ते आरशाला सांगायचे. तानुबाई पुठ्ठ्यानं वारा घेत झुंबराखाली घामाघूम बसून राहायच्या.

शनिवारी लीलाधरभाऊ आणि कोकिळावहिनी आले. भाऊ उजवा पाय चोळत सोफ्यावर टेकले. "पाय दाबायचं मशीन घरीच राहिलं," ते म्हणाले. "असली जपानी शे. रिटायर झालो तेव्हा हापिसनं दिधं." मग त्यांची नजर वर गेली. "हाई काय शे रे?"

"झुंबर. इंग्रजांच्या काळातलं."

भाऊ पोट धरून हसले. "भंगार शे हाई! ज्यानी इकं तो हुशार, जो इकत लयना तो येडा."

नानांचं तोंड एवढंसं झालं.

वहिनींचं लक्ष झुंबराकडे नव्हतंच. त्या तानुबाईंच्या भांड्यांत काहीतरी शोधत होत्या. "रोटाचं पीठ मळायला मोठी परात नाही का गं? माझी होती मामांनी दिलेली. यांनी सगळं पितळ अन्नछत्राला दान दिलं. पुण्य लागलं म्हणा, पण कानबाई आली की जीव तुटतो बघ."

दोघे भाऊ पूजेचं सामान आणायला बाजारात गेले. परत आले तर घरात चिंचेचा वास सुटला होता आणि स्टुलावर उभ्या राहून वहिनी झुंबर घासत होत्या.

"वहिनी, अहो, काय केलंत हे!" नाना कळवळले.

"कानबाई बसायच्या घरात काळं पितळ? लोक काय म्हणतील?"

झुंबर पिवळंधमक झालं होतं. छत्रीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली होती. नानांचा जीव पुन्हा भांड्यात पडला. "कारागिराचं नाव असणार. वाच, वाच."

तानुबाईंनी चष्मा लावून वाचलं. "चि. सौ. कां. कोकिळा हिस रुपचंद मामाकडून. पिंपळनेर."

इंग्रजाच्या बायकोचं नाव कोकिळा असेल, असं नानांना क्षणभर खरंच वाटलं.

"हाई मनी परात शे," वहिनी स्टुलावरूनच म्हणाल्या. "ही कळशी माझी. ह्या वाट्याही माझ्याच."

सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत होते. नानांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दान अन्नछत्राला गेलंच नव्हतं, छगनकडे गेलं होतं. आणि हापिसनं मशीन दिलं नव्हतं, परातीनं दिलं होतं. आयुष्यभर ऐकलेलं ते वाक्य परत करायची हीच वेळ होती, ते जिभेवर आलंही होतं. पण भाऊंनी एकदा वळून पाहिलं. कोंडवाड्यातल्या गाईसारखे डोळे होते ते. नानांना दया आली.

"वहिनी, दान पोचलंच नव्हतं," ते म्हणाले. "टेम्पोतून वाटेतच पडलं. ते छगनकडे आलंय असं भाऊंना कळलं. त्यांनीच मला सांगितलं, गुपचूप सोडवून आण, कानबाईला वहिनीला द्यायचंय."

"मग झुंबर कशाला केलं?"

"गुपचूप आणायचं होतं ना."

भाऊंच्या जिवात जीव आला आणि जिवाबरोबर आवाजही. "मीच सांगितलं. याले काय समजस? हाऊ तं विलायतीच समजना व्हता."

वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा दिराकडे पाहिलं आणि डोळे पुसले. झुंबर उतरवलं गेलं, वायरी निघाल्या, परात धुतली गेली आणि पीठ पडलं. नानांनी मुकाट्यानं पंखा परत टांगला.

पीठ मळता मळता वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते मशीन सोमवारी नानांकडे पाठवून द्या."

"का बरं?" भाऊ दचकले.

"टेम्पोच्या मागं इतके धावलेत ते. पाय दुखत असतील."

भाऊंनी पुन्हा कॅलेंडर वाचायला घेतलं. रोट मात्र त्यांनी भरपूर खाल्ला.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं आणि संध्याकाळी मशीन आलं. नानांनी पंखा पूर्ण वेगात सोडला, दोन्ही पाय मशीनमध्ये घातले आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. मशीन घुं घुं करत डावा पाय दाबत होतं. उजव्या पायाला ते शिवतही नव्हतं.

"असली आहे ना हे तरी?" तानुबाईंनी विचारलं.

नानांनी पाय बाहेर काढले. मोबाइल उचलून त्यांनी धुळ्याला फोन लावला.