ठेव!

"उद्या तुझा फोन मध्येच कट झाला, तर चष्म्यांचं दुकान बंद करीन!" चष्मेवाल्यांनी शनिवारीच छातीठोकपणे जाहीर केलं.

बायकोने शिलाई मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. तिचा विश्वास बसावा असं गेल्या बावीस वर्षांत त्यांच्या हातून फारसं काही घडलं नव्हतं म्हणा!

पण उद्याचा फोन साधासुधा नव्हता. दोन वर्षं बायकोचा आणि तिच्या मोठ्या ताईचा अबोला होता, आणि तोही याच मशीनवरून. आई गेल्यावर धाकटीने तिचं मशीन उचलून आणलं, थोरली म्हणाली, "मला विचारलंस का?" झालं! तेव्हापासून दोघी बहिणींत वाटलं जायचं ते सगळं बोलणं एकट्या चष्मेवाल्यांच्या कानांवर पडत होतं. माणूस दमला होता हो! शेवटी त्यांनीच ताईंना गळ घातली, तेव्हा कुठे त्या रविवारी चार वाजता फोन करायला कबूल झाल्या.

अडचण एकच. घर तळमजल्यावर, भिंती जाडजूड, आत रेंजचा पत्ता नाही.

"मध्येच कट झाला तर ताईला वाटेल मीच आपटला," बायको म्हणाली.

"अगं, आता घरात वायफायवरून फोन येतो! बोलत बोलत बाहेर गेलीस, की वायफाय तो टॉवरकडे देतं. या कडेवरचं मूल त्या कडेवर द्यावं, तसं. मुलाला कळतसुद्धा नाही!"

लगेच चाचणी झाली. बायको पलंगावर बसली, हे गल्लीत जाऊन उभे राहिले. दुकानात डोळे तपासून तपासून लागलेली सवय, दोन पावलं मागेपुढे सरकत विचारतायत, "आता स्पष्ट? की आधी स्पष्ट होतं?"

"दोन्ही सारखंच!" बायको ओरडली. ते तर फोनशिवायही ऐकू आलं. चाचणी पास! बोलत बोलत उंबरठा ओलांडून मात्र दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही.

रविवारी चारच्या ठोक्याला फोन आला. बायकोला बसून बोलता येत नाही. जसजसं बोलणं रंगत गेलं तसतशी ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून दारात. चष्मेवाले मागे मागे, चेहऱ्यावर मुलीचा पहिला नंबर आल्यासारखा आनंद!

"ताई, मशीनचं काय करायचं ते तूच सांग," बायको म्हणाली आणि तिने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं.

फोन गप्प. दोन सेकंद, तीन सेकंद. मग बायकोचा चेहरा पडला आणि तिने फोन बंद केला.

"अगं, काय झालं?"

"म्हणाली, ठेव! दोन वर्षांनी फोन केला आणि म्हणते ठेव! ठेवला!"

चष्मेवाल्यांनी घाईघाईने स्वतःच्या फोनवरून ताईंना गाठलं.

"तिने माझा फोन आपटला, भाऊजी!"

"पण ताई, तुम्हीच तिला ठेव म्हणालात ना?"

"म्हणालेच मुळी! शंभरदा म्हणीन!"

बायकोने ऐकू नये म्हणून चष्मेवाले बाहेर निघाले. पाऊल उंबरठ्यावर. फोन गप्प. आणि मग, "...ठेवा!"

आज्ञाधारक माणूस. ठेवला.

इकडे बायकोने डोळे पुसले आणि मशीनवर जुनी चादर टाकून गाठी मारल्या. "जिचं तिला नेऊन द्या. मला नको!" त्या मशीनवर तिने अर्ध्या गल्लीचे पडदे आणि अभ्रे शिवले होते. पण तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप! दोघांनी दोन बाजूंनी ते लोखंडी धूड उचललं. दोघांचे फोन आत वाजतायत, उचलतंय कोण?

मशीन दारात अडकलं. अर्धा तास झाला, सरकायचं नाव नाही! शेवटी एकदाचं उंबरठ्यावर तिरकं उचललं, तोच फाटकाशी टॅक्सी थांबली आणि ताई तरातरा आल्या.

"कुठे नेताय ते? ठेवा म्हटलं ना!"

चष्मेवाल्यांनी ठेवलं. नेमकं स्वतःच्या पायावर!

"आई गं!"

"अगं, मशीन ठेव म्हटलं मी!" ताई त्यांच्याकडे न बघता बहिणीला म्हणाल्या. "मशीन तूच ठेव! भाऊजींनाही तेच सांगितलं, मशीन तुमच्याच घरी ठेवा! फोन ठेव कोण म्हणालं?"

"मला नुसतं ठेव ऐकू आलं गं!"

"आणि मला काय मशीन हवं होतं? तू विचारलं नाहीस, याचं वाईट वाटलं."

"चुकलंच माझं, ताई!" म्हणत धाकटी थोरलीच्या गळ्यात पडली. मशीन मध्येच असल्यामुळे जरा वाकडी पडली, पण पडली.

संध्याकाळी चष्मेवाले सुजलेला पाय गार पाण्याच्या बादलीत सोडून बसले होते. पाय ठणकत होता, पण जीव कसा निवांत होता! समोर दोघी बहिणी दोन वर्षांचा साठा उपसत होत्या आणि त्यातला एक शब्दही त्यांना ऐकावा लागत नव्हता.

"बरं, दुकान कधी बंद करताय?" बायकोने मध्येच विचारलं.

ते न ऐकल्यासारखं करून चष्मेवाल्यांनी मोबाइलवाल्याला फोन लावला. "अहो, तुम्ही चालू करून दिलेल्या त्या वायफाय कॉलिंगमुळे आज दोन बहिणी एकत्र आल्या! ऐका तर, आधी काय झालं..."

"ठेवा!" दोघी एकदम म्हणाल्या.

या वेळी मधलं एकही अक्षर गळालं नव्हतं. चष्मेवाल्यांनी ठेवला.