संबंध नसलेल्यांनी आत बसावं

इंग्लंडातल्या लिटल ड्रॅकोम गावच्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, सभेत विषय क्रमांक सहा पुकारला गेला आणि अध्यक्ष ऑब्री फेन्विक यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ऑब्री चष्मा पुसायला लागले की कुणाचं तरी काहीतरी जाणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी असाच पुसला होता, तेव्हा बसथांब्यावरचं बाक गेलं.

या खेपेला पाळी पत्र्याच्या शेडची होती. गावच्या सभागृहामागची ही शेड युद्धाच्या दिवसांत तात्पुरती म्हणून उभी राहिली आणि तात्पुरत्या गोष्टींच्या रिवाजाप्रमाणे कायमच्या गोष्टींना पुरून उरली. दर गुरुवारी दुपारी विनिफ्रेड टॅपर, म्हणजे गावची विनी, तिथे गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना जेवू घालायची. त्यातल्या काहींचा दुसऱ्या माणसाशी बोलायचा आठवड्यातला तेवढाच मुहूर्त. ऑब्रींना मात्र ती जागा गाड्या लावायला हवी होती. शेड पाडली तर बारा गाड्या मावतात, हे त्यांनी स्वतः टेप धरून पाहिलं होतं.

कौन्सिलचे सदस्य पाच. ऑब्रींच्या बाजूला एकटा कॉलिन स्टब्स, गावचा खाटीक. शेडच्या बाजूला स्वतः विनी आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचे पर्सी ओल्डरॉइड. पाचवी फिलिपा क्रेन. तिला लंडनहून येऊन सहा वर्षं झाली होती, म्हणजे गावाच्या लेखी ती अजून सामान सोडत होती. तिचं मत शेवटी जो बोलेल त्याच्या खात्यावर जमा व्हायचं, त्यामुळे ते कुणीच धरून चालत नसे.

पण ऑब्रींनी चाळीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळण्यात घालवली होती. बेरजेने जमत नसेल तर वजाबाकीने जमवावं, हे ज्ञान त्यांना त्या नोकरीतून मिळालं होतं.

"चर्चेआधी," चष्मा चढवत ते म्हणाले, "सदस्यांनी आपापले हितसंबंध जाहीर करावेत. ज्याचा या जागेशी संबंध असेल त्याने नियमाप्रमाणे बाहेर जायचं. चर्चा कानावरही पडता कामा नये."

ऑब्रींनी विनीकडे मान वळवली.

"विनीबाई?"

"काय रे?"

"शेडमधलं जेवण तुम्ही चालवता."

"मग काय तू चालवणार? तुला अंडं उकडता येत नाही. तुझ्याच बायकोनं सांगितलंय मला."

"म्हणजे संबंध आला." ऑब्रींनी सचिवबाईंकडे पाहिलं. सचिव ग्लेनिस प्रोबर्ट यांनी नियमावली उघडली. ती उघडायची त्यांना गरज नव्हती, पण न उघडता उत्तर देणं त्यांना हलगर्जीपणाचं वाटायचं.

"संबंध आहे," ग्लेनिस म्हणाल्या.

"आणि पर्सी, तुम्ही तिथे दर गुरुवारी जेवता."

"फुकट नाही जेवत!" पर्सींनी काठी आपटली. "रोख मोजून जेवतो!"

"बघा, म्हणजे आर्थिक संबंध. हा तर जास्तच गंभीर."

"पोरा, तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी या खुर्चीवर बसतोय."

"म्हणूनच म्हटलं, जरा पाय मोकळे करून या."

ऑब्रींची वजाबाकी बिनचूक होती. पाचातून दोन गेले, उरले तीन. सभेला कोरम तीनचाच लागतो. तिघांत ऑब्री आणि कॉलिन, म्हणजे फिलिपाला शेवटी कुणीही काहीही सांगितलं तरी चालणार होतं.

विनीने कोटाची बटणं लावली, रुमाल डोक्याला बांधला, पर्सींना हात दिला आणि दारापाशी जाऊन ती वळली.

"कॉलिन, गुरुवारचे सॉसेज कुठून येतात रे?"

कॉलिन छताकडे बघायला लागला. "कुठले सॉसेज?"

"तुझ्या दुकानातले. दर आठवड्याला. बिलासकट."

ग्लेनिसबाईंचं पेन थांबलं. "मिस्टर स्टब्स, तुमचा तर धंद्याचा संबंध झाला. आजच्या सभेतला सगळ्यात मोठा."

"साहेब, सॉसेज म्हणजे काय संबंध झाला का?" कॉलिनने ऑब्रींकडे दाद मागितली. "सॉसेज म्हणजे सॉसेज!"

पण नियम काढला होता ऑब्रींनी, आणि काढलेला नियम परत खिशात घालता येत नाही. कॉलिनही उठला. दार बंद झालं. टेबलाशी अध्यक्ष, फिलिपा आणि सचिव असे तिघे उरले.

"तीन आहेत," ऑब्री म्हणाले.

"मी मोजायची नाही," ग्लेनिस म्हणाल्या. "कोरम नाही. सभा दहा मिनिटं तहकूब."

बाहेर फेब्रुवारी होता. ना धड पाऊस, ना धड बर्फ, असं काहीतरी तिरपं पडत होतं. व्हरांड्यात थांबावं तर आतलं ऐकू येतं, म्हणजे नियमभंग. त्यामुळे बाहेर काढलेले तिघेही जिथे जाणं शक्य होतं तिथे गेले, म्हणजे शेडमध्ये. तिथे शेगडी पेटलेली होती आणि तिच्यावर उद्याच्या जेवणाचं काकवीचं पुडिंग वाफवत ठेवलेलं होतं. विनी ते नेहमी आदल्या संध्याकाळीच करायची. मुरलं की बरं लागतं, असं ती म्हणायची. ते मुरेपर्यंत टिकल्याचं मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

ऑब्री कॉलिनला समजवायला शेडमध्ये शिरले, तेव्हा कॉलिनच्या हातात वाटी होती.

"कॉलिन, सोपं आहे. तू आत्ता जाहीर कर की आजपासून इथे सॉसेज देणार नाहीस. संबंध संपला. चल आत."

कॉलिनने चमचा चाटला. "साहेब, गावात माझ्याकडून मांस घेतं कोण? तुम्ही घेता? तुमच्या गाडीत सुपरमार्केटच्या पिशव्या असतात, मी काय आंधळा आहे? हिचं गुरुवारचं गिऱ्हाईक गेलं तर मला दुकानात सुऱ्यांना धार लावत बसावं लागेल."

"बरं. मग पर्सी, तुम्ही जेवण सोडा. एका मिनिटापुरतं, कोरमसाठी."

"सोडतो की," पर्सी म्हणाले. "दर गुरुवारी तुझ्याकडे येतो जेवायला. तुझी बायको काय करते, मासे बरे करते का?"

तेवढ्यात विनीने ऑब्रींपुढे वाटी धरली. वर पिवळंधमक कस्टर्ड, खालून काकवी हळूहळू बाहेर येत होती.

"नको," ऑब्री म्हणाले.

"घे रे."

"नको, खरंच."

"थंडीतून आलायस."

या गावात पहिल्यांदा नको म्हणणं हा सभ्यपणा असतो, दुसऱ्यांदा म्हणणं ही रीत असते, आणि तिसऱ्यांदा म्हटलं तर तो स्वयंपाकावर ठपका होतो. ऑब्रींनी अनेकांचं अनेक प्रकारे नुकसान केलं होतं, पण असभ्य त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं. त्यांनी वाटी घेतली. पहिला घास त्यांनी सभ्यपणासाठी घेतला. दुसऱ्या वाटीचं कारण त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

छपरातून एक थेंब पडला आणि खालच्या बादलीत टण्णकन वाजला. शेडमध्ये अशा चार बादल्या होत्या. जेवायला येणाऱ्यांना त्यांच्या जागा पाठ झाल्या होत्या.

एवढ्यात फिलिपा नाक चोळत आली. "सभागृहातला हीटर बंद पडलाय. मी एकटीच बसले होते तिथे. ग्लेनिस माझ्याशी बोलतसुद्धा नाही, म्हणते सभा तहकूब आहे." विनीने तिच्याही हातात वाटी दिली. फिलिपाला नको म्हणायची गावची रीत अजून आली नव्हती. तिने लगेच घेतली.

शेवटी ग्लेनिसबाई आल्या. एका बगलेत इतिवृत्ताची वही, दुसऱ्या बगलेत नियमावली. दारातच थबकल्या.

"अध्यक्षमहाराज, हे काय?"

"चाखतोय जरा."

"दुसरी वाटी आहे," पर्सींनी माहिती पुरवली.

ग्लेनिसनी खुर्ची ओढली. "सदस्यानं विषयाशी संबंधित ठिकाणी पाहुणचार घेतला, तर त्याचा हितसंबंध तयार होतो. नियम तुमचाच आहे. गेल्या जूनमध्ये तुम्ही आणलात, पुष्पप्रदर्शनातल्या वाइनच्या बाटलीवरून."

"ती पर्सींना मिळाली होती!"

"नियमात पर्सी असं लिहिलेलं नाही." त्यांनी फिलिपाकडे पाहिलं. फिलिपाच्या हनुवटीवर कस्टर्ड होतं. "मिसेस क्रेन, तुमचंही नाव लिहिते. म्हणजे विषय सहावर मत देऊ शकेल असा एकही सदस्य आता गावात उरलेला नाही. विषय निकाली निघू शकत नाही."

विनी इतकी हसली की तिला पदराअभावी ॲप्रनने डोळे पुसावे लागले. "ऑब्री, अजून एक वाटी घे. तुझ्या बारा गाड्यांची."

"विषय सात," ग्लेनिस त्याच सुरात पुढे वाचू लागल्या. "पत्र्याच्या शेडच्या छपराची दुरुस्ती. मांडणार, विनिफ्रेड टॅपर."

"हो हो, ते आत्ताच करून टाकू. गवंडी येऊन बघून गेलाय. म्हणाला, मार्चमधल्या वाऱ्याला हे छप्पर टिकायचं नाही..." बोलता बोलता विनी थांबली.

"शेड तीच," ग्लेनिस म्हणाल्या. "सदस्यही तेच."

टण्ण, बादली वाजली.

"म्हणजे दुरुस्त पण करता येणार नाही?" विनीने विचारलं. तिचा आवाज आता अगदी लहान झाला होता.

"जिल्ह्याच्या ऑफिसातून सूट मागता येते. उत्तर उन्हाळ्यापर्यंत येतं."

"आणि तोवर मी या माणसांना कुठे बसवू? एडिथ पायऱ्या चढू शकत नाही, सभागृहात कशी येईल? तिला गुरुवार सोडला तर दाराशी फक्त पोस्टमन दिसतो."

 पहिले सावरले ते ऑब्री. वजाबाकी फसली म्हणता म्हणता आपोआप सुटत होती. पाडायला ठराव नको, खर्च नको, वाईटपणा नको. त्यांनी चमचा निवांतपणे चाटला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. आपल्याला मत देता येत नसेल, तर वारा देईल."

"लिहिते," ग्लेनिस म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "छप्पर धोकादायक असून ते मार्चमध्ये कोसळू शकतं, हे पाचही सदस्यांना सांगण्यात आलं. अध्यक्ष स्वतः हजर होते."

ऑब्रींचा चमचा वाटीतच राहिला.

चाळीस वर्षं त्यांनी याच एका वाक्याच्या जिवावर पगार घेतला होता. कुणाची भिंत पडो, कुणाचं छप्पर उडो, ऑब्री जुने कागद चाळून एक ओळ शोधायचे आणि तांबड्या शाईने लिहायचे: मालकास धोक्याची पूर्वकल्पना होती. मग कंपनीची जबाबदारी संपायची आणि मालकाची सुरू व्हायची. ती ओळ आपल्याच नावाने लिहिली जाताना ते पहिल्यांदाच पाहत होते.

"मला सांगितलं असं नका लिहू."

"तुम्ही इथेच आहात."

"मग मी बाहेर जातो. माझा हितसंबंध आहे, मी ऐकताच कामा नये."

"अध्यक्षमहाराज," ग्लेनिस म्हणाल्या, "तुम्ही बाहेरच आहात."

पर्सी पुढे झुकले. "म्हणजे पोरा, छप्पर पडणार माझ्या टाळक्यावर आणि नाव होणार तुझं. मला तर आत्ताच बरं वाटायला लागलं."

शनिवारी सकाळी ऑब्री फेन्विक शेडच्या छपरावर होते. खिळे तोंडात, हातोडी हातात, कमरेला बायकोच्या बागकामाची दोरी. खालून कॉलिन पत्रे वर देत होता. एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने चहाचा मग धरून पर्सी मार्गदर्शन करत होते.

"डावीकडे, डावीकडे! अरे तुझ्या नाही, माझ्या डावीकडे! विमेवाल्यांना डावं-उजवं शिकवत नाहीत का?"

"ओल्डरॉइड, शिडी हलतेय!"

"शिडी नाही हलत, तुझे पाय हलतायत."

विनी दारात उभी राहून वर बघत होती. ठोक्यागणिक तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती की प्रार्थना करत होती, ते कळायला मार्ग नव्हता.

फाटक वाजलं. ग्लेनिसबाई सायकल भिंतीला टेकवून आल्या आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या.

"ही मालमत्ता कौन्सिलची आहे," त्या म्हणाल्या. "या कामाला कौन्सिलची परवानगी नाही."

वरून ऑब्रींनी तोंडातले खिळे काढले. "नाही."

"मग काम ताबडतोब थांबवायला हवं."

"थांबवा की."

ग्लेनिसनी पिशवीतून नियमावली काढली. पानं उलटली, पुन्हा मागे उलटली. छपरावरची हातोडी थांबली होती. कॉलिन हातात पत्रा घेऊन तसाच उभा होता.

"थांबवायचं," ग्लेनिस शेवटी सावकाश म्हणाल्या, "तर ठराव लागेल."

आणि ठरावाला मत देऊ शकेल असं गावात कुणी उरलेलं नव्हतं.  ग्लेनिसनी नियमावली पिशवीत घातली, पिशवी कोरड्या जागी ठेवली, पर्सींना बाजूला केलं आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चहा आणू, ग्लेनिस?" विनीने विचारलं. "बरोबर पुडिंगही आहे थोडं."

ग्लेनिसनी वास घेतला, क्षणभर डोळे मिटले आणि मान हलवली.

"नको, विनी," त्या म्हणाल्या. "गावात संबंध नसलेलं कुणीतरी एक उरायला हवं."