खड्ड्याला मत

“साहेब, खड्ड्याला मत दिलं तर चालतं का?”

शाळेच्या कार्यक्रमात उठून नगराध्यक्षांना हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. मी कसली घाबरतेय! वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून माझी मान जिराफासारखी झाली होती. दाराशी उभ्या माझ्या बाबांची, म्हणजे नगराध्यक्षांच्या ड्रायव्हरची, मान मात्र कासवासारखी आत गेली.

साहेब हसले. निवडणुकीत ते एकटेच उभे होते ना. “मतपत्रिकेवर खाली एक रिकामी ओळ असते, बाळ. हवं ते लिहा म्हणावं लोकांना.”

लोकांनी लिहिलं. शाळेसमोरचा खड्डा प्रचंड मतांनी निवडून आला!

“ही क्रांती माझी,” मी घरी जाहीर केलं.

“क्रांतिताई, कुकर घासा आधी,” आई म्हणाली.

साहेबांची मात्र झोप उडाली. खड्डा हे कुणा पुढाऱ्याचं टोपणनाव आहे, मोठा कट शिजतोय, असं त्यांनी डोक्यात घेतलं. गल्लोगल्ली पोलीस. आमच्या वर्गात तर ‘खड्डा’ची चौकशी करायला खुद्द इन्स्पेक्टर! पैज लावणाऱ्या मैत्रिणी छताकडे बघायला लागल्या. मी उठले.

“तू ओळखतेस यांना? पत्ता सांग.”

“शाळेसमोर.”

“सोबत कोण राहतं?”

“पाणी.”

त्यांनी तेही लिहून घेतलं. आणि संध्याकाळी बाबांकडून गाडीची किल्ली काढून घेतली गेली. मुलगी कटात सामील, म्हणे.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. माझी मान आपोआप जागेवर आली. सकाळी त्यांना घेऊन साहेबांची माफी मागायला निघाले. भाषण घोकत होते, नजर आभाळात, आणि थेट आमच्या विजयी उमेदवाराच्या पोटात! बाबांनी मला ओढून बाहेर काढलं न काढलं, तोच साहेबांची गाडी आली. कुणावरच विश्वास उरला नव्हता, म्हणून स्वतःच चालवत होते. धाडकन पुढची दोन्ही चाकं आत.

साहेब चष्मा शोधत उतरले. “हा... हा इथे कधीपासून आहे?”

“तुम्ही पहिल्यांदा निवडून आलात तेव्हापासून, साहेब,” मी म्हणाले.

“मग मला कसा कधी जाणवला नाही?”

बाबा ओशाळले. “मी रोज चुकवून न्यायचो. तुम्ही मागे पेपर वाचत असायचात.”

साहेबांनी वाकून चाकांखाली पाहिलं. मग किल्ली बाबांच्या हातात ठेवली. दुपारी डांबर आलं.

रात्री सुजलेला पाय उशीवर ठेवून मी म्हणाले, “आई, बाबा, माझं ठरलं. मी पण नगराध्यक्षांची ड्रायव्हर होणार. आणि एकही खड्डा चुकवणार नाही. फक्त आधी मला सायकल शिकवा.”