सोजरची पक्की खबर

सोजरला बातमी द्यायची असेल तर आधी शाळेच्या घंटेवर हात ठेवावा लागतो. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, पूर्णेहून कुणीतरी आणून लिंबाला टांगलेला. हात ठेवायचा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायचं. एकदा हेडसरांनी तंबाखू सोडल्याची बातमी आली. सरांना बोलावणं गेलं. सरांचा हात रुळाच्या वीतभर अलीकडंच थांबला. बातमी रद्द.

ताडकळसजवळच्या एका वस्तीवरच्या सरकारी शाळेत सोजर सातवीला आहे. वर्गातल्या पोरींचं बातमीपत्र चालतं, त्याची ही संपादक. आठवडी बाजारात चुलतीच्या मिरचीच्या पालाशेजारी उभं राहून पोरी ते आळीपाळीनं वाचतात. शेवटी सोजर ठणकावते, ‘खबर पक्की, खात्री आमची.’ सगळ्या बातम्या शाळेच्या आणि सगळ्या चांगल्या. दुसरीतल्या शबानानं एसटीची पाटी न अडखळता वाचली. ती पुरी होईस्तोवर कंडक्टरनं घंटी दिली नाही आणि आतले प्रवासी त्याच्या नावानं शंख करत राहिले. ही मथळ्याची बातमी!

मी शाळा वाचवायच्या मोर्च्यांतला माणूस. पोरं कमी म्हणून गरिबाची शाळा मोडायची आणि वर त्यालाच सुधारणा म्हणायचं, हा निलाजरेपणा मला सहन होत नाही. मी सोजरपुढं माझं पत्रक ठेवलं : ‘गळकं छप्पर, झोपलेलं सरकार!’ म्हटलं, हे वाच बाजारात.

तिनं ते शेवटपर्यंत वाचलं. “दादा, छप्पर गळतं हे समद्यांना मालूम हाय. मालूम हाय ती खबर कशी?”

मी भडकलो. ही भाटगिरी आहे, म्हणालो. तेव्हापासून ती माझी ओळख ‘आरडाओरडा खात्याचे दादा’ अशी करून देऊ लागली.

तिच्या चुलतीनं मात्र मिरच्या तोलता तोलता मला झापलं. सोजरचे आईबाप दिवाळी होताच ऊसतोडीला गेलेले. आईनं जाताना बजावलेलं, शाळा नीट चालली तर राहा, मोडली तर त्याच दिवशी कोयत्यावर ये. “पोर कुणासाठी ओरडायलीय, कळतंय का काई?”

पुढच्या आठवड्यात शाळेत गेलो, तर व्हरांड्यात सोजर वर्गाच्या बाईंचा फोन स्पीकरवर लावून बातमीपत्र वाचत होती. पलीकडं तोडीवरच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात, तिची आई, भोवती बायका. वाचून झालं तसं आईनं विचारलं, छप्पर गळतंय म्हणं, कागद आलाय इकडं. तो कागद माझाच होता.

“गळतंय,” सोजर म्हणाली. “पाऊस आला की आमी सरकून बसतो. बाई रोज येत्यात आन् शिकवत्यात. मी हितंच राहणार, माय.”

 पलीकडून दुसऱ्याच बाईचा आवाज आला. माझ्या दोघी पोरी शाळेत धाडल्या तर घेतील का गं? त्यांच्या जेवणाचं तुझ्या चुलतीला सांगते मी.

“आजच धाडा.”

फोन बंद झाला तरी सोजरनं तो उराशीच धरून ठेवला होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “दादा, दोघी यायल्यात. मोर्च्यात बसायच्या सतरंज्या असत्यात ना तुमच्याकडं? एक मोठी द्या. तिघी एकाच अंथरुणात झोपू. एकटीला लय गार लागतंय.”